कोरी बशी

९ जून. दुपारी मागच्या शेडमध्ये तुरीच्या मुळांना हवेतलं नत्र पुरवणाऱ्या जिवाणूंच्या गोळ्या पाडायचं काम काढलं होतं. समुद्री शेवाळापासून केलेली पूड पाण्यात घोटायची, त्यात जिवाणूंचं द्रावण मिसळायचं आणि सुईनं थेंब थेंब कॅल्शियमच्या पाण्यात सोडायचं. थेंब साबुदाण्यासारखे गोठतात आणि जिवाणू आत राहतात. मग ते वाळवून, दळून बियाण्यावर चढवायचे. असे ते आमच्या उन्हातही तग धरतात.

सुरुवात करण्याआधी मागच्या घाण्याची, म्हणजे मागच्या खेपेच्या गोळ्यांची, तपासणी पाहिली. काचेच्या बशीत नमुना पसरून ठेवला की काही दिवसांत पांढरे चिकट ठिपके उठतात. बशी कोरी होती. दुसरी उघडली, तीही कोरी. फ्रिजमधल्या मूळ द्रावणाच्या बाटलीची बशी मात्र ठिपक्यांनी भरलेली. म्हणजे जिवाणू माझ्याच शेडमध्ये मेले होते. आणि त्या घाण्याची पूड चढवलेलं बियाणं माढ्याजवळ नणंदेकडे पोचलं होतं. तिच्या रानात आजवर नुसता ऊस. तुरीचे जिवाणू त्या मातीत नाहीतच. आयते मिळाले नाहीत तर तूर पिवळी पडणार.

थोरल्या जाऊबाई मला मदत करतात. त्यांना विचारलं, "ताई, मागच्या वेळी पाणी कुठलं घेतलंत?"

"तांब्याच्या हंड्यातलं की. रातभर ठिवलेलं."

"मी उकळून गार केलेलं पातेल्यात होतं ना?"

"ते शिळं म्हणून वतून दिलं. देवाला ह्येच चालतंय, तुझ्या किड्यांना चालंना व्हय?"

"तांबं उतरलेल्या पाण्यात किडेच मरतात, ताई."

त्या पदरानं हात पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी समदेच मेले की गं."

नणंदेला फोन लावला. बंद. वाफसा आलाय, उद्या पेरणीला पाभर धरते, असं ती कालच म्हणाली होती. अंधार पडेपर्यंत फोन लावत राहिले. बंदच. दक्षिणेकडून ढग चढत होते. पाऊस आला असता तर पेरणी तरी थांबली असती. आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मूळ बाटली बर्फाच्या डब्यात घालून पहिली एसटी धरली. पोचले तेव्हा निम्मं रान पेरून झालं होतं.

"वैनी, पेरलेल्याचं काय हुईल?" नणंदेनं विचारलं.

"आत्ता नाही सांगता येत."

पाभर थांबवली. उरलेलं बियाणं लिंबाखाली ताडपत्रीवर ओतलं आणि बाटलीतलं जिवंत जिवाणूंचं द्रावण त्याला चोळायला बसले.