मादामना सोडून यायचं राहिलं

मनिलाच्या त्या बॅले कंपनीत पुरिताचं आयुष्य कपडे शिवण्यात गेलं. नाचणाऱ्यांच्या कंबरा, काखा, घाम सगळं तिला ठाऊक. प्रेक्षकांत बसून नाच मात्र तिने क्वचितच पाहिला. त्या संध्याकाळी ती मुद्दाम बसली. छोट्या छोट्या नाचांच्या त्या कार्यक्रमात तिची लेक दालिसाय पहिल्यांदाच एकटी नाचणार होती.

नाच कंपनीच्या नृत्यगुरू मादाम एन्कार्नांनी बसवलेला. दालिसायचा गुडघा अधू, म्हणून त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "मी जिवंत आहे तोवर ही पोरगी हा नाच नाचणार नाही." त्याच आठवड्यात मादाम गेल्या.

शवपेटी अजून त्यांच्या घरीच होती. पुरिता तिथे दर्शन घेऊन, बायकांत बसून कॉफी पिऊन तडक थिएटरवर आली. मयताच्या घरून परस्पर आपल्या घरी जायचं नसतं. वाटेत कुठेतरी टेकायचं, म्हणजे मागोमाग आलेलं माणूस तिथेच राहतं. थिएटर वाटेवरच होतं. एका खेपेत दोन्ही कामं झाली, असं तिला वाटलं.

शिवणखोलीतली नेनिंग शेजारी बसली होती. हे ऐकून ती तोंडावर हात ठेवून हसली. "अगं बाई, एखाद्या खाणावळीत सोडायचं त्यांना. तू तर त्यांना थिएटरात, त्यांच्या खऱ्या घरीच आणून सोडलंस."

पुरिताही हसली. मग तिने मागे वळून दाराकडे पाहिलं.

आधीचे नाच तिला दिसलेच नाहीत. दालिसाय आली, दुखरा पाय जपून टाकत. पण एका गिरकीत तिचा डावा खांदा किंचित वर चढला, तो उतरेचना. तो खांदा मादामचा. त्यांचे कपडे बेतताना पुरिता डावीकडे थोडं कापड जास्तच धरायची. शिष्यांनी तसा खांदा उचलला की मादाम काठीने टोचायच्या. दालिसायने तो कधी उचलला नव्हता. आणि गुडघा असा वाकत होता, जणू त्याला कधी काही झालंच नव्हतं. लेकीच्या मापाने घातलेली डावी शिवण पुरिताच्या डोळ्यांदेखत उसवत गेली. नेनिंगने पर्समधून जपमाळ काढली.

टाळ्या थांबेनात. पुरिता धावत आत गेली. लेकीला म्हणाली, आधी कुठेतरी नूडल्स खाऊ, घरी मागाहून जाऊ.

"नको, नानाय."

"भूक नसली तरी चल. नुसतं बसू."

"गुडघा दुखला नाही गं माझा, जरासुद्धा नाही," दालिसाय शांतपणे म्हणाली. "उद्याही नाच आहे. सरळ घरी जाऊ."

त्या गुडघ्यासाठी पुरिताने चर्चमध्ये किती मेणबत्त्या लावल्या होत्या. तिने लेकीची पिशवी उचलली आणि घरची वाट धरली.

जीपनी, ती समोरासमोर लांब बाकांची प्रवासी गाडी, जवळजवळ रिकामी होती. दालिसाय आईशेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "थोडं सरक ना, जागा कर."

समोरचा अख्खा बाक मोकळा होता. पुरिता सरकली.