बाबाचं कार्ड: मीरा रोड ते उत्तन, तनूसोबत

उत्तन काय, रिक्षात बसलं की आलंच, असं म्हणणाऱ्यांनी हा लेख इथेच बंद करावा. तुमच्यासाठी उत्तन जवळ आहे. आमच्या तनूला तिथे न्यायची तयारी कित्येक दिवस चालली होती, आणि इतकं करूनही मी एका ठिकाणी सपशेल आपटले. ज्यांच्या घरात किंवा वर्गात असं एखादं मूल आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल, फक्त नंतर फोन करून "किती गं तू ग्रेट" वगैरे म्हणायचं नाही. आधीच सांगून ठेवते.

मी शांती नगरमधल्या एका प्राथमिक शाळेत विशेष मुलांना शिकवते. तनू तिसरीत आहे, बेव्हर्ली पार्कला राहते. स्वमग्न आहे. स्वतःहून फार कमी बोलते, आपण बोललेलंच परत म्हणते. तिचा बाबा, महेश, दर रविवारी तिला घेऊन उत्तनला जायचा. वाटेत मोरव्याला त्याच्या बहिणीकडे जेवायचं, मग समुद्र, मग घर. वर्षानुवर्षं हाच क्रम. पावसाळा संपता संपता महेश ऑफिसातच कोसळला आणि गेला.

तनूची आई रूपाली तिला म्हणाली, "बाबा गावाला गेलाय." घरातल्या सगळ्यांनी मग तेच धरलं. त्यांना दोष तरी काय द्यायचा? पण तनू ऐकते ते तंतोतंत ऐकते. गावाला गेलेला माणूस परत येतो. म्हणून ती दर रविवारी सकाळी सॅंडल घालायची आणि दाराशी उभी राहायची, थेट दुपारपर्यंत. जेवायची नाही, कोणाला हात लावू द्यायची नाही. सोमवारी वर्गात येऊन स्वतःचं मनगट चावायची. शाळेत "सध्या घरीच ठेवलं तर बरं" अशी कुजबुज सुरू झाली होती. ती कुजबुज एकदा सुरू झाली की काय होतं, हे मला चांगलं माहितेय. घरी बसलेलं मूल परत वर्गात येत नाही.

"रूपाली, तिला खरं सांगायला हवं," मी म्हटलं. "गेला, देवाकडे गेला, झोपला, असलं काही नाही. मेला म्हणायचं. परत येणार नाही म्हणायचं."

"कुठल्या तोंडाने म्हणू, टीचर?"

"ज्या तोंडाने गावाला गेलाय म्हणालीस त्याच." लागलं असेल तिला. माझी जीभ अशीच आहे. मग जरा नरमाईने म्हटलं, "इथे दाराशी नको. तिचा रविवार तिला परत देऊ. उत्तनला नेऊ, समुद्रापाशी बसवू आणि तिथे शांतपणे सांगू."

तयारी म्हणजे काय, तर एक पट्टी. पुठ्ठ्याची लांब पट्टी, तिच्यावर वेल्क्रोने चिकटवलेले फोटो: रिक्षा, बस, आत्याचं घर, जेवणाचं ताट, पुन्हा बस, समुद्र, परतीची बस, रिक्षा, आपलं घर. एक गोष्ट उरकली की तिचं कार्ड काढायचं आणि लाल कापडी पिशवीत टाकायचं. त्या पिशवीला आम्ही "झालं" म्हणतो. अशा मुलांना पुढे काय होणार हे दिसलं की धीर येतो. पण एक नियम आहे, आणि तो प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येकाने पाळा: पट्टीवर जे आहे ते घडलंच पाहिजे. पट्टी खोटी पडली की मूल पुन्हा तुमच्यावर विश्वास ठेवत नाही.

निघालो जानेवारीतल्या एका रविवारी, सकाळी लवकर. थंडीच बरी, उन्हाळ्यात या वाटेला जाऊ नका. बेव्हर्ली पार्कहून पुलावरून भाईंदर पश्चिमेला रिक्षा केली. तीन सीटवाल्या रिक्षावाल्याशी आधीच बोलून घ्या, नाहीतर स्टेशनच्या अलीकडेच "मॅडम, इधर से आगे नहीं जाएगा" सुरू होतं. तिथून उत्तनची बस. पहिली-दुसरी बस रिकामी असते, खिडकी मिळते. कानांवर बसणारे जाड हेडफोन, पाण्याची बाटली, ओळखीचा खाऊ आणि जास्तीचे कपडे विसरू नका.

बसमध्ये मी पट्टी तनूच्या मांडीवर ठेवली. आत्याच्या घराच्या फोटोला लागून एक कार्ड होतं, जे मी लावलेलं नव्हतं. महेशचं. घरी रोजच्या क्रमाची अशीच एक पट्टी भिंतीवर आहे, तिच्यावर असायचं ते. तनूने ते तिथून काढून इथे आणून लावलं होतं, अगदी सरळ रेषेत.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. बाबा गावाला गेलाय. आणि बाबाचं गाव कोणतं? मोरवा! तिथे त्याचा जन्म झाला, तिथेच तो तिला दर रविवारी न्यायचा. मी समुद्राचा एवढा विचार करत बसले आणि जेवणाचा थांबा म्हणून तिला थेट बाबाच्या गावाला घेऊन चालले होते. एवढी वर्षं हे काम करतेय, अक्कल गहाण टाकली होती की काय कोण जाणे.

रूपालीनेही कार्ड पाहिलं. "काढू?" तिने विचारलं.

"तिने लावलंय. आता ते काढायचं तर कारण सांगावं लागेल."

रूपालीने हात मागे घेतला. बाहेर एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला खारफुटी, मधून रस्ता. तनू हेडफोन लावून हसत होती. कितीतरी महिन्यांनी हसत होती. ते बघून मला खरंच उतरून पळून जावंसं वाटलं.

मोरव्याला जनाआत्या ओट्यावरच उभी होती. महेशची थोरली बहीण, अख्खं आयुष्य मासळी विकण्यात गेलेलं. "आली गो माजी बाय!" म्हणत तिने हात पसरले. तनू तिच्या हाताखालून सरळ आत गेली. पुढची खोली, स्वयंपाकघर, मागचं दार. खाटेखाली वाकून पाहिलं. मग आतल्या खोलीत खुंटीवर तिला महेशचा निळा शर्ट दिसला आणि ती तिथेच थांबली. दोन्ही हातांनी शर्ट धरला आणि वळून आमच्याकडे पाहिलं. सापडला, असाच चेहरा होता तिचा.

"धुतला न्हाय मी," आत्या पदर तोंडाशी नेत म्हणाली. "तसाच हाय."

रूपाली तनूसमोर खाली बसली. मी घोकून घेतलेली वाक्यं होती, समुद्रापाशी म्हणायची. ती तिने तिथेच म्हटली. "तनू, बाबा मेला. त्याचं शरीर बंद पडलं. बाबा गावाला नाही. बाबा येणार नाही." प्रत्येक "नाही"ला तिने हाताने नाहीची खूण केली. आवाज फुटत होता, पण हात स्थिर होता.

"नको गो असं बोलू," आत्या रडायला लागली. "येवढीशी हाय ती."

तनू शर्टाकडे बघत होती. शर्ट न सोडता म्हणाली, "बाबा येणार नाही." मग पुन्हा. आईच्याच आवाजात, तोच फुटका सूर काढून.

जेवायचं कार्ड होतं म्हणून जेवलो. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण. आत्याने, महेश करायचा तसा, तनूच्या ताटात भाताचा छोटा डोंगर केला. तनूने तो सगळा खाल्ला. निघताना आत्याने खुंटीवरचा शर्ट काढला आणि तनूच्या अंगात चढवला. गुडघ्यांपर्यंत आला.

पुढच्या बसमध्ये गर्दी होती, आणि तनू मोठमोठ्याने म्हणत होती, "बाबा येणार नाही, बाबा येणार नाही." लोक वळून बघायला लागले. अशा वेळी लोक बघतातच, त्याची तयारी ठेवा. शेजारच्या गुजराती बाईंनी विचारलं, "क्या बोल रही है बेटी?"

मी काहीतरी सारवासारव करणार होते. रूपालीच म्हणाली, "इसके पापा नहीं रहे." हे ती अनोळखी माणसासमोर पहिल्यांदाच बोलली, असं तिने मला नंतर सांगितलं. त्या बाईंनी काही न विचारता आपली खिडकीची जागा तनूला दिली.

उत्तनला किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत घातलेले असतात. वास उग्र असतो. वास न सोसणाऱ्या मुलांना वाऱ्याच्या बाजूने न्या. स्वच्छतागृहाच्या भरवशावर मुळीच राहू नका. तनू सरळ एका बांधापाशी गेली आणि बसली, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून. होड्यांवरच्या झेंड्यांकडे बोट करून म्हणाली, "पिवळा." आणि थांबली. हा त्या दोघांचा काहीतरी खेळ असणार. पुढे काय म्हणायचं ते ना रूपालीला माहीत होतं, ना मला. तनू वाट बघत राहिली. मग स्वतःच, जाड आवाज काढून म्हणाली, "शाब्बास."

रूपाली उठून पाण्याच्या दिशेने चालत गेली. मी तिला जाऊ दिलं.

संध्याकाळी घरी पोचलो. मी चहालाही थांबणार नव्हते, पण पट्टी पूर्ण करायची होती. बाकीची कार्डं एकेक करून वाटेतच पिशवीत गेली होती. तनूने घराचं कार्ड काढून लाल पिशवीत टाकलं. शेवटी बाबाचं कार्ड उरलं. तिने ते काढलं, जरा वेळ पाहिलं आणि टाकलं. "झालं," म्हणाली.

इतक्या महिन्यांची धडपड होती ती. मी सुटकेचा श्वास घेतला आणि तेवढ्यात रूपालीने पिशवीत हात घालून ते कार्ड परत बाहेर काढलं.

"तिचं झालं असेल, टीचर. माझं कुठे झालंय?"

तनूला वाटलं, आईचं चुकलं. मुलाला जमत नसलं की मी त्याच्या हातावर हात ठेवून ते काम करून घेते. तसाच तिने आईचा हात धरला, मुठीतल्या कार्डासकट पिशवीच्या तोंडाशी नेला आणि थांबली, ओढाताण न करता. मीच शिकवलंय तिला की घाई करायची नाही. रूपालीची मूठ काही उघडत नव्हती. मी हळूच चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं.

सहल यशस्वी झाली का, तर झाली. तनू सोमवारी शाळेत आली, मनगट चावलं नाही, शाळेतली कुजबुजही थांबली. वर्गात मात्र ती मधूनच "येणार नाही" म्हणते, आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी राहते.

पुढच्या रविवारी मी रूपालीला फोन केला. तनू पोहे खाऊन खेळत होती. सॅंडल कपाटातच होते.

"चांगलं झालं ना गं?" मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. मग म्हणाली, "ती दाराशी उभी असायची ना टीचर, तेव्हा मलाही वाटायचं, येईल."