फाटकापलीकडची शाळा

इंदूरच्या सरकारी शाळा हे काय प्रकरण होतं, ते बाहेरच्या माणसाला समजावताना अजूनही माझं डोकं फिरतं. एक शाळा शिक्षण विभागाची, दुसरी नगर निगमची, म्हणजे महापालिकेची, तिसरी कधीकाळी मिलवाल्यांनी कामगारांच्या मुलांसाठी काढलेली आणि नंतर सरकारच्या गळ्यात बांधलेली. चौथी थेट संस्थानच्या काळातली, तिचा धनी कोण हे ऑफिसलाही सांगता येत नसे. छत गळायला लागलं की सगळे एकमेकांकडे बोट दाखवायचे. मी सगळी नोकरी या गोंधळात काढली, त्यामुळे मला कोणी 'सरकारी शाळा का बुडाल्या' असं शहाणपणाने विचारलं की चीड येते. बुडाल्या नाहीत हो, बुडताना आम्ही सगळे काठावर उभे होतो.

माझी शाळा मिलच्या भागात होती. एका इमारतीत तीन शाळा. सकाळी हिंदीच्या मुली, दुपारी हिंदीची मुलं, आणि मागच्या दोन खोल्यांत आमची मराठी शाळा, पहिली ते पाचवी. पुढच्या खोल्यांतल्या शिक्षिका 'बहनजी', मी 'बाई'. संस्थानचा कारभार मराठीत चालायचा तेव्हापासून त्या खोल्यांत मराठी शिकवली जात होती. पुढे मिलमध्ये खानदेशातून माणसं आली आणि खोल्या पोरांनी भरल्या. पाच वर्गांना मी एकटी होते. फळ्यावर उभ्या रेघा मारून ज्याची त्याची जागा दिली होती, आणि दुसरीला बेरीज देऊन चौथीकडे वळेपर्यंत पहिलीत मारामारी सुरू व्हायची.

आम्ही मूळचे महूच्या छावणीतले. आजोबा पलटणीत होते. आमच्या बौद्ध घरात शाळा बुडवायची तर ताप तरी अंगात पाहिजे असा कायदा होता. ओळखीतल्या कोणाच्या मुलीने शाळा सोडली असं कळलं की आजोबा त्या दिवशी जेवत नसत. मी शिक्षिका झाले तेव्हा त्यांनी साऱ्या लाइनीत पेढे वाटले. हे सगळं सांगते, कारण पुढे मी जे केलं ते न समजून केलं असं कोणी म्हणू नये.

जुलैमध्ये नवीन मुलांची नावं जाड्या रजिस्टरात लिहायची असत. नाव, बापाचं नाव, जात, मग मातृभाषा. तिथे आलं की बाप लोक हमखास म्हणायचे, "हिंदीच लिहा ना बाई." बरं, हे मला मराठीत सांगायचे! मी म्हणायची, अहो, घरी काय बोलता? "घरी तर मराठीच, पण कागदावर हिंदी बरी. नौकरीचं काम पडतं." त्यांना वाटायचं, कागदावर मराठी दिसली तर उद्या कोणी म्हणेल की तुम्ही बाहेरचे. मागे पंधरा-वीस जण रांगेत उभे, एखाद्याचं पोर रडतंय, मी कशाला वाद घालू? हिंदी तर हिंदी. मूल मराठी वर्गातच बसणार होतं. मी लिहून टाकायची. इतकी वर्षं तो रकाना कोणी उघडून बघितला नव्हता.

मग मिल बंद पडली. एका दिवसात नाही. आधी रात्रपाळी गेली, मग एक-एक खातं, मग गेटवर कुलूप. माणसं गेटसमोर बसून म्हणायची, दिवाळीनंतर उघडणार, एकदम पक्की खबर आहे भिया. दिवाळी आली नि गेली. काही घरांनी सामान बांधलं आणि मुलं गावी नेली. त्याच दिवसांत तुकोगंजात, शहराच्या पैसेवाल्या भागात, नव्या इंग्रजी शाळांचे फलक लागत होते आणि गच्च्यांवर टीव्हीच्या छत्र्या उगवत होत्या. कोणी म्हणायचं, देश खुला झाला. आमच्या वर्गात मात्र दर सोमवारी एक जागा रिकामी दिसायची.

पुढच्या पावसाळ्यात शिक्षण विभागाच्या ऑफिसचं पत्र आलं. मराठी वर्ग चालू ठेवायचा तर मातृभाषा मराठी असलेली वीस मुलं पाहिजेत. दसऱ्याआधी साहेब येऊन रजिस्टर तपासतील. संख्या कमी भरली तर दिवाळीनंतर मुलं रेल्वे फाटकापलीकडच्या हिंदी शाळेत जातील, मीही तिकडेच.

पत्र वाचल्यावर मला पहिली आठवली ती पाचवीतली एक मुलगी. अशी मुलगी शिक्षकाच्या नशिबी एकदाच येते. मी चौथीला गणित घालायची आणि ही तिसरीत असताना मागून उत्तर सांगायची. वर आगाऊपणा असा, की "बाई, तुम्ही हातचा विसरल्या." बाप मिलमध्ये लूमवर, म्हणजे मागावर होता, आता घरी बसलेला. आई तुकोगंजात दोन घरी धुणीभांडी करायला लागली होती आणि धाकटा भाऊ वर्षाचा होता. शाळा गल्लीच्या तोंडाशी म्हणून ती मधल्या सुट्टीत धावत घरी जाऊन भावाला बघून यायची. बापाने मला सरळ सांगितलं, "इथं आहे तोवर शिकेल बाई. फाटकापल्याड मी पोरीला धाडणार नाही. मालगाडी तास तास उभी राहते, पोरं डब्याखालून निघतात. अन् छोट्याला कोण बघणार?" त्यात चुकीचं काय होतं? पाचवीला तेव्हा बोर्डाची परीक्षा होती. ती झाली की सहावीची सोय मी बघितली असती. तिला मार्चपर्यंत शाळेत टिकवायचं, बस, एवढंच माझं म्हणणं होतं.

मी रजिस्टर उघडलं. बावीस मुलं उरली होती. मराठी लिहिलेली नऊ, हिंदी लिहिलेली तेरा. सगळं माझ्या अक्षरात, वळणदार, शाईचा डाग नाही. त्या मुलीच्या नावापुढेही हिंदी. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोणाला?

बडे सर, म्हणजे आमचे हिंदी हेडमास्तर, भले गृहस्थ. म्हणाले, "मॅडमजी, बाप से अर्जी लिखवा लो, मैं सुधार पे दस्तखत कर दूँगा." मी तेरा अर्ज हाताने लिहिले आणि शाळा सुटल्यावर घरोघर निघाले. त्या मुलीच्या बापाने पहिली सही केली. दोन घरांना कुलूप, माणसं गावी गेलेली. एका बापाने मला चहा पाजला, अर्ज दोनदा वाचला आणि परत दिला. "बाई, मिल गेली. आता वॉचमन लागायचं म्हटलं तरी हिंदीच पाहिजे. उद्या कोणी बोललं, जा तुमच्या महाराष्ट्रात, तर तिथं आमचं कोण बसलंय?" मी खूप बोलले, चिडले, शेवटी हातापाया पडायचंच बाकी राहिलं. तो मान हलवत राहिला. बाकी नऊ जणांनी सह्या दिल्या, म्हणजे सुधारलेली दहा. नऊ आणि दहा, एकोणीस.

एक मूल कमी. फक्त एक.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीची आई कामावर जाता जाता वर्गाच्या दारात थांबली. तिला लेकीकडून सगळं कळलं होतं. "बाई, एकच कमी ना? तुमची छोकरी आहे ना सहा वर्षांची? तिला घाला इथं. मार्चपर्यंत. मग न्या परत." टोमणा नव्हता हो त्यात. टोमणा असता तर मी फाडकन उत्तर दिलं असतं. ती अगदी सरळ, घरातलं मीठ मागावं तसं बोलली. मी म्हटलं, "बघते."

माझी मुलगी तुकोगंजातल्या इंग्रजी शाळेत पहिलीत होती. तिच्या प्रवेशासाठी मी आणि माझा नवरा पहाटे रांगेत उभे राहिलो होतो. संध्याकाळी मी नवऱ्यापुढे विषय काढला. तो म्हणाला, "डोकं ठिकाणावर आहे का? एकदा काढली की परत घेतील का ते?" मी थोडा वाद घातला. थोडाच. खरं सांगते, त्याने नाही म्हटलं आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. तो हो म्हणाला असता तर मी काय केलं असतं, हा विचार मी आजही पुरता करत नाही.

साहेब आले. मराठीच होते, आडनावावरून संस्थानातल्या जुन्या कारभारी घराण्यातले. माझ्याशी हिंदीत बोलले. मी मुद्दाम मराठीत म्हटलं, "साहेब, एक मूल कमी आहे, वर्ष तरी पुरं होऊ द्या." ते रजिस्टर मिटत म्हणाले, "समझता हूँ मॅडमजी, पर नियम है." दहा सुधारणा एकाच आठवड्यात कशा झाल्या, हेही त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता जीपमध्ये बसले.

दिवाळीनंतर खोल्यांना कुलूप लागलं. फाटकापलीकडच्या शाळेत एकोणिसांपैकी अकरा मुलं आली. ती आली नाही. मी तिच्या घरी गेले तर भाऊ कडेवर, आणि ही चुलीपाशी. बाप म्हणाला, "बोललो होतो ना बाई." मी त्याच्याशी भांडले नाही. म्हटलं, मी शनिवारी दुपारी येऊन हिला शिकवीन. "शिकवा की," तो म्हणाला.

ते शनिवार चांगले गेले. ती भावाला मांडीवर थोपटत अपूर्णांक सोडवायची. बाप आधी बाहेर बसायचा, मग उंबऱ्यावर, मग आत. एकदा त्याने लेकीची वही हातात घेतली आणि कितीतरी वेळ बघत राहिला. जानेवारीत त्याने विचारलं, "पाचवी निघाली तर पुढं काय?" मी सहावी सांगितली, वसतिगृह सांगितलं, शिष्यवृत्ती सांगितली. तो म्हणाला, "परीक्षेला मी सोडीन सायकलवर. फाटकापल्याड काय, कुठंही सोडीन." ती मुलगी तोंडावर वही धरून हसत होती. मी त्या दिवशी घरी जाताना रस्त्यात एकटीच हसत होते.

परीक्षेला महिना असताना नवीन शाळेत परीक्षेला बसणाऱ्यांची यादी आली. तिचं नाव नव्हतं. बाबू म्हणाला, "लगातार गैरहाजिर थी, नाम कट गया. नियम है." बाहेरून फॉर्म भरायची सोय असते, पण तिची तारीख उलटली होती. अशी तारीख असते हेच मला माहीत नव्हतं. आमच्या मुलांचे फॉर्म शाळेतून आपोआप जायचे, कधी बघावंच लागलं नव्हतं. मी ऑफिसात तीन दिवस बाकावर बसून काढले. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. नगर निगमची मुलगी का विभागाची, यावरच त्यांचं एक दिवस चाललं. शेवटी एका बाईने मला पाणी दिलं आणि म्हणाली, "घर जाओ दीदी."

त्या शनिवारी सांगायचं ठरवूनच गेले. तर बापाने परीक्षेसाठी नवा पुठ्ठा आणि चिमटा आणून ठेवला होता. मी अपूर्णांक तपासले आणि परत आले. पुढच्या शनिवारी सांगीन म्हटलं. त्या शनिवारी भावाला ताप होता. त्याच्या पुढच्या शनिवारी मी गेलेच नाही, डोकं दुखतंय असं घरी सांगितलं. इतकी तोंडाळ बाई मी, साहेबाला बोलले, बाबूला बोलले, पण त्या दहा वर्षांच्या पोरीला एक वाक्य सांगता आलं नाही.

परीक्षेच्या दिवशी फाटकापलीकडच्या शाळेतच केंद्र होतं आणि वऱ्हांड्यात यादी घेऊन मुलांना खोल्या दाखवायचं काम माझ्याकडे होतं. ती दोघं वेळेआधी आली. बापाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. तिचे केस तेल लावून चप्प बसवलेले, हातात पुठ्ठा. मला बघून ती धावत आली. "बाई, माझी खोली कोणती?"

मी म्हटलं, "बघते हं."

बाप शेजारी येऊन उभा राहिला. त्याला वाचता येत होतं, पण तो यादीकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. तिचं नाव नाही हे मला महिनाभर ठाऊक होतं. तरी मी पहिलं पान उघडलं आणि एकेका नावावरून बोट फिरवत शेवटच्या पानापर्यंत गेले. घंटा झाली. बाकीची मुलं आत गेली.

"नीट बघा बाई," बाप हळूच म्हणाला, "असेल."

मी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली.