भरलेली कळशी

माझी विजयदुर्गाच्या शाळेवर बदली झाली तेव्हा बाकी सगळं सोपं होतं, आतेचं काय करायचं एवढंच कळत नव्हतं. आते म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. सत्तरी उलटलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू, उजवा गुडघा धरलेला. माझे यजमान मुंबईला नोकरीत, मला भाऊ नाही. मालवणात शेजारीण दुपारी डोकावून जायची म्हणून निभत होतं. विजयदुर्गाला मिळालेली खोली माडीवर होती, जिना उभा, आणि शाळा अकरा ते पाच. आदल्याच महिन्यात आतेने पेज ढवळताना पदर पेटवून घेतला होता. शेजारणीने वेळीच पाणी ओतलं. तिथे पाणी कोण ओतणार होतं?

मंगळवारी सकाळी मला हजर व्हायचं होतं. तोपर्यंत सोय झाली नाही तर राजीनामा द्यावा लागणार होता. हे मी आतेला सांगितलं नव्हतं, पण तिला ठाऊक होतं.

खाडीपलीकडे एका गावात काही व्यापाऱ्यांनी जुन्या धर्मशाळेत निराधार म्हाताऱ्यांसाठी आश्रम काढला होता. गावातले लोक त्याला म्हाताऱ्यांची शाळा म्हणत. आठ बायका, सहा पुरुष. बायकांच्या खोलीत एक खाट रिकामी होती. व्यवस्थापक एका कचेरीतून निवृत्त झालेले कारकून, नीटनेटके, बोलायला मोजके. त्यांनी सांगितलं, "दोन दिवस राहून बघा. रविवारी संध्याकाळपर्यंत होय की नाही ते कळवा. मसुऱ्याची एक बाई थांबली आहे."

शुक्रवारी दुपारी आम्ही तरीतून खाडी ओलांडली. आतेची सोय बायकांच्या खोलीत, माझी कार्यालयाशेजारच्या खोलीत.

मी शिक्षिका. दिपोटी शाळा तपासायला यायचे त्या दिवशी आम्ही काय काय करत असू ते मला पाठ होतं. भिंतीला चुना, फळ्यावर सुविचार, पाण्याचा माठ काठोकाठ. त्यामुळे मला कोणी फसवू शकणार नाही अशी माझी खात्री होती. मी चुना लावलेल्या भिंती पाहिल्याच नाहीत. गोधड्यांखाली हात घालून ओल बघितली. नव्हती. संडासापर्यंतची पावलं मोजली, वीस भरली, वाट सपाट होती. स्वयंपाकघरात न सांगता शिरले. उकड्या तांदळाची पेज, सोबत कुळथाची पिठी, दोन्ही गरम. बायकांच्या खोलीत पितळेची कळशी होती, वर धुतलेलं फडकं, त्यावर पालथा पेला. फडकं उचलून पाहिलं. कळशी भरलेली, पाणी ताजं. शनिवारी संध्याकाळी पुन्हा पाहिलं, तेव्हाही भरलेली. इथे लक्ष देणारं कोणीतरी आहे, असं मी मनात नोंदवलं.

बायकांना एकेकीला विचारलं. व्यवस्थापक दाराशी उभे होते.

"काही कमी-जास्त?"

"नाय गो बाय. सगळा बरा आसा."

"जेवण?"

"बरा आसा."

एकीने तोंडाचं बोळकं दाखवलं. "घो गेलो, दात गेले, आता आणखी काय कमी पडतला?" बाकीच्या हसल्या. मीही हसले. पण सगळ्यांचं 'बरा आसा' एकाच सुरात येत होतं, दिपोटींसमोर मुलांचं येतं तसं, आणि ते मला खटकत राहिलं. चार वाजता चहा आला. पुरुषांनी कप रिकामे केले, बायकांनी अर्धे ठेवले. चहा कडक झाला असेल, म्हणून मी सोडून दिलं.

शनिवारी आतेला बाजूला घेतलं. तिचे ओठ सुकले होते.

"राहशील का इथे?"

"तू सांगशीत तां."

"मी सांगणार नाही. राहायचं तुला आहे."

"मगे आयतवारी सांगतंय," ती म्हणाली आणि काठी टेकत पुरुषांच्या पडवीकडे गेली. तिथे मान हलणारे एक म्हातारे बसले होते. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांच्या गावात देवळात गाऱ्हाणं घालायचा मान पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरात होता. आते त्यांच्याशी बराच वेळ हळू बोलत होती. गुडघ्याचं रडगाणं असेल, असं मी समजले.

आश्रमात नवीन माणूस आलं की रविवारी सकाळी अंगणातल्या तुळशीपाशी त्याच्या नावाने नारळ ठेवायचे आणि आबा गाऱ्हाणं घालायचे. ज्याचा नारळ, त्याने देवाकडे काय मागायचं ते आबांना आधी सांगायचं. ही रीत व्यवस्थापकांनीच चालू ठेवली होती. म्हाताऱ्या माणसांना बरं वाटतं, असं ते म्हणाले. ते स्वतःही आंघोळ करून, हात जोडून सगळ्यांच्या पुढे उभे राहिले.

आबांची मान हलत होती, आवाज मात्र खणखणीत होता.

"बा देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आज ही बाय तुझ्या पायाकडे इली हा. तिणा ह्यो नारळ ठेवलो हा, तो गोड मानून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तिच्या पायाक बळ दी, डोळ्याक उजेड दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"हयसर पेज गरम आसा, हातरूण सुका आसा. जां बरा आसा तां बरा म्हणाक व्हया रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." व्यवस्थापकांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"पण तिनसांजा झाली काय बायकांच्या खोलयेक भायरसून कडी पडता, ती सकाळी निघता रे म्हाराजा."

आता कोणी बोललं नाही. मग दात नसलेल्या त्या बाईने एकटीनेच म्हटलं, "व्हय म्हाराजा." तिच्या मागून बाकीच्या.

"रातीक उठाचा लागात म्हणान ही तुझी लेकरां दुपारपासून पाण्याचो थेंब घेयत नाय. कळशी भरलेली रवता आणि घसो सुकता रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"कडी घालणारो वायट नाय. तेका सुबुद्धी दी आणि ती कडी काढ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. व्यवस्थापकही म्हणाले. आयुष्यभराची सवय होती, ओठ आपोआप हलले. शब्द बाहेर पडल्यावर त्यांना कळलं. ते तसेच हात जोडून उभे राहिले, त्यांचे कान लाल झाले होते.

माझेही झाले असावेत. जी कळशी मी दोनदा उघडून पाहिली होती, तिच्यावरच मी आश्रमाला गुण दिले होते.

कार्यालयात व्यवस्थापक माझ्यावर घसरले. "बाई, हे बरोबर झालं नाही. तक्रार कार्यालयात सांगायची पद्धत आहे."

"मी दोन दिवस प्रत्येकीला विचारत होते. तुम्ही दारात उभे होतात."

त्यांनी चष्मा काढून पुसला. गेल्या पावसाळ्यात एक म्हातारी अंधारात बाहेर पडली होती. सकाळी विहिरीच्या कट्ट्याशी सापडली, खुबा मोडलेला. व्यापाऱ्यांच्या मंडळाने त्यांना समोर बसवून झाडलं होतं. "कडी का नव्हती, असं विचारलं मला. आता तुम्ही विचारता कडी का आहे. आणि कोपऱ्यात बादली ठेवलेली आहे."

"सगळ्यांच्या देखत? तुमच्या आईला चाललं असतं?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "आबांना घरी पाठवावं लागेल. असं चालू दिलं तर शिस्त राहणार नाही."

आबा दारातच होते. त्यांना पाठवलं तर घर नव्हतं, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं.

"पाठवा माका," ते म्हणाले. "पण मी तुमचा नाव घेवक नाय. देवाक सांगलंय. आणि तुमी व्हय म्हटलास."

व्यवस्थापक खिडकीतून तुळशीकडे पाहत राहिले. नारळ अजून तिथेच होता. त्याच तुळशीसमोर ते आता फिरवाफिरवी करणार नाहीत, एवढं मी ओळखलं आणि वेळ न घालवता बोलायला लागले. कडी आतून बसवायची. दारापासून संडासापर्यंत बांबूचा कठडा. विहिरीला फाटक, त्याला कुलूप. कंदील रात्रभर बारीक ठेवायचा. पडायची भीती आहे ना, मग वाट बांधा, माणसं कोंडू नका.

"मंडळ विचारील."

"मंडळाला पत्र मी लिहिते. सही आधी माझी, खाली तुमची. म्हणजे बोलणी मलाही बसतील."

त्यांनी पत्र दोनदा वाचलं, एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि सही केली. आबांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. दुपारी मी गावातल्या सुताराला गाठलं. तो जेवून आडवा झाला होता, त्याला उठवलं. तिन्हीसांजेच्या आत कडी आतल्या बाजूला आली. बाहेरच्या फळीवर जुन्या खिळ्यांची चार भोकं राहिली.

मग आतेला धरलं. "मला का नाही सांगितलंस?"

"तुका सांगलंय असतंय तर तू माका घेवन घराक गेलं असतंस आणि नोकरी सोडलं असतंस."

"आणि देवाला सांगितलंस तर?"

"देवाक खंय नोकरी आसा," आते म्हणाली.

मला तिचा राग आला होता. दोन रात्री ती तहानलेली निजली होती आणि मी पलीकडे पंचवीस पावलांवर आश्रमाची गुणपत्रिका तयार करत होते. पण रागावून उपयोग नव्हता, संध्याकाळ झाली होती आणि उत्तर द्यायचं होतं.

"राहतेस?"

"ऱ्हवतंय. कडी परत भायर गेली तर मात्र माका न्हेवक ये."

मी होय कळवलं. कठडा आणि फाटक पुढल्या रविवारपर्यंत होतील, असं व्यवस्थापकांनी सगळ्यांदेखत सांगितलं. सोमवारी सकाळी पिशवी उचलण्याआधी बायकांच्या खोलीत गेले. कळशीवरचं फडकं काढलं. पाणी चार बोटं खाली गेलं होतं. पेला ओला होता.

त्यानंतर महिन्यातून एकदा तरी मी जायची, आणि वार कधीच कळवायची नाही. दुसऱ्या खेपेला कठडा झालेला होता, फाटक नव्हतं. त्यासाठी मला आणखी दोन पत्रं लिहावी लागली. प्रत्येक वेळी पायरी चढले की आधी दाराची फळी, मग कळशी, मग आतेची खाट, या क्रमाने मी बघत असे. आते हे ओळखून होती. एकदा मी फडकं उचललं तशी ती खाटेवरूनच म्हणाली, "माका बघूक इलंस काय कळशीक?"

"कळशीला," मी म्हटलं. "तू खोटं बोलतेस."