पाळीवर बसणारा

देवरीजवळच्या आमच्या मिशनच्या तलावाच्या पाळीवर एक माणूस दिवसभर उकिडवा बसलेला असे. खेकड्यानं पाळीत बीळ पाडलं की उठून त्यात चिखल ठासे आणि पुन्हा बसे. मी तेव्हा तरुण उपदेशक होतो. आळस हे पाप, एवढंच पाठ होतं. एकदा मी सगळ्या मजुरांदेखत त्याला दरडावलं, "नुसता बसून खातोस, लाज नाही वाटत?"

"तुमचा देवबी सहा दिवसांत जग बनवून सातव्या दिवशी बसलाच ना जी? त्याले काऊन आळशी नाही म्हणत?"

मजूर हसले. ते मला झोंबलं. मी त्याला तिथून उठवून लाकडं फोडायला लावलं. चौथ्या दिवशी पाळ फुटली, खालचं उभं धान वाहून गेलं. पादरीसाहेबांनी विचारलं, "राखणदार कुठं होता?"

मी म्हणालो, "झोपला होता."

तो समोरच उभा होता. माझ्याकडे पाहत राहिला. त्याच दिवशी त्याला काढून टाकलं, आणि तो एकटाच चिचगडच्या जंगलाकडे चालता झाला.

त्याचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. आज वीस वर्षांनीही देवापुढे कबुली देताना मला 'तो माणूस' एवढंच म्हणता येतं.