तिसरा पुकारा

भुताखेतांचे अनुभव लिहिणाऱ्यांवर मी याच ग्रुपवर अनेकदा तुटून पडले आहे, त्यामुळे हे वाचून काही जण हसतील. खुशाल हसा. आमच्या घरात देव्हारा नाही. बाबांनी आयुष्यभर बुवाबाजीविरुद्ध पत्रकं काढली आणि मी शाळेत असल्यापासून ती पनवेलच्या एसटी स्टँडवर वाटली. माझं मत आजही तेच आहे. तरीही जे घडलं ते घडलं…

मी एक एकांकिका लिहिली होती. महायुद्ध संपल्यानंतरचं जर्मनीतलं एक कोर्ट. आरोपी स्वतःच एक न्यायाधीश. त्याने कुणावर हात उगारला नाही, फक्त ज्यूंना छळछावणीत धाडणाऱ्या हुकुमांवर सह्या केल्या. ‘मी कायदा पाळला’ हा त्याचा बचाव. या वाक्याचा मला भयंकर राग आहे. ज्या ज्या देशात ज्या ज्या साहेबाने हे वाक्य म्हटलंय, त्या सगळ्यांचा आहे. नाटकाच्या शेवटी साक्षीदारांची नावं पुकारतात, कुणीच येत नाही, कारण कुणी उरलेलंच नाही. न्यायाधीश म्हणतात, “साक्षीदार गैरहजर.” आरोपी सुटतो.

आपल्याकडे पट्टेवाला कोर्टाच्या दाराबाहेर येऊन नाव तीनदा ओरडतो ना – “अमुक अमुक हाजिर हो!” – तो पुकारा मी सरळ जर्मनीत नेऊन बसवला. तिकडे असं काही नसतं हे फार उशिरा कळलं. बाबांवरच्या केसेसच्या तारखांना मी लहानपणी पनवेल कोर्टाच्या पायऱ्यांवर बसायचे. मला वाटायचं, जगात सगळीकडे माणसाला असंच बोलावतात.

पुकाऱ्यासाठी आमच्या समोरचे आयझॅक काका तयार झाले. काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, कोर्टातले रिटायर्ड पट्टेवाले. काकू गेल्या, मुलगा इस्रायलला, आणि त्यांच्या लोकांची आळीतली घरंही एकेक करून तिकडेच गेली. आता काकासुद्धा कायमचे निघाले होते. शनिवारी ते काही काम करत नाहीत, म्हणून तालीम रविवारी दुपारी, एका शाळेच्या हॉलमध्ये.

पहिल्याच दिवशी त्यांनी चष्मा लावून नाटकातल्या साक्षीदारांची नावं वाचली.

“कोण गं ही माणसं?”

“कुणी नाहीत काका. मी तयार केलीत.”

“बनावट नावाचा पुकारा? नोकरी गेली असती माझी!”

सगळे हसले. निकाल देणाऱ्या न्यायाधीशाचं काम करणारा समीर तोंडातला वडापाव सांभाळत म्हणाला, “काका, पेन्शन तरी शाबूत राहू द्या!”

तालीम संपल्यावर काकांनी मला बाजूला घेतलं. “एक खरं नाव हाय. चालंल?”

काका लहान असताना त्यांच्या शेजारच्या खोलीत हानाबाई राहायची. युद्धाच्या आधी जर्मनीतून बोटीने मुंबईला आलेली ज्यू मुलगी, पुढे पनवेलच्या एका दवाखान्यात नर्स. तिचे वडील वकील होते. ते मागे राहिले आणि छावणीत मेले. ज्याने हुकूम काढला त्या न्यायाधीशावर पुढे खटला झाला, हानाबाईला साक्षीचं बोलावणंही आलं. पण ते गेलं मुंबईच्या जुन्या पत्त्यावर. तिच्या हातात पडलं तेव्हा खटला संपला होता. साक्षीदार गैरहजर, आरोपी निर्दोष.

“मी नोकरीला लागलो तेव्हापासून मरेस्तवर मला विचारायची,” काका म्हणाले. “तू सगळ्यांना तीनदा बोलावतोस, मग मला कुणी एकदा पण का नाय बोलावलं?”

मी नाही म्हटलं. खऱ्या बाईचं दुःख स्टेजवर विकायचं नाही, हे माझं तत्त्व.

“विकू नको. नाटकात घेऊच नको. फक्त एका तालमीत. मी गेल्यावर तिचं नाव घेणारं पण इथं कुणी नाय.”

“सिनेगॉगमध्ये तिच्यासाठी प्रार्थना करा ना, काका.”

“त्याला दहा पुरुष लागतात गं. कुठून आणू? पुकाऱ्याला एकटा पुरतो.”

मी स्क्रिप्टच्या मागच्या पानावर तिचं नाव लिहून घेतलं.

काकांचा तो शेवटचा रविवार. नोकरीतला पांढरा सदरा इस्त्री करून आले होते. बाकी सगळे स्टेजवर. मी शेवटच्या रांगेत, दाराला लागूनच्या खुर्चीत. लख्ख दुपार, डोक्यावर पंख्याची घरघर. काका दाराबाहेर व्हरांड्यात उभे राहिले.

“साक्षीदार हाना ब्लुमेनाऊ, हाजिर हो!”

दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी आवाज चिरकला.

आणि व्हरांड्यातून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. “हाय… मी हाय. कवाची हाय.”

मी वळून पाहिलं. काकांशिवाय व्हरांडा रिकामा. काका माझ्या समोरच होते आणि त्यांचं तोंड मिटलेलं होतं. त्यांनी अर्धं उघडं दार पूर्ण उघडून धरलं, अंग चोरून वाट दिली आणि हळूच म्हणाले, “सावकाश, बाई.” माझ्या खुर्चीचा हात कुणीतरी आधाराला धरला. खुर्ची एका बाजूला कलली, मग पुन्हा सरळ झाली.

स्टेजवर समीरने ‘साक्षीदार गैरहजर’ म्हणायचं होतं. तो रिकाम्या पिंजऱ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “शपथ द्या.”

काका पुढे गेले, शपथेचे शब्द एकेक करून म्हणाले आणि मान खाली घालून उभे राहिले. बराच वेळ. कुणी हललं नाही. मग त्यांनी जाऊन दार पुन्हा उघडलं, थोडे थांबले आणि लावून घेतलं.

“सॉरी यार, लाइनच विसरलो,” समीर म्हणाला. आवाज? कसला आवाज? कुणीही काही ऐकलं नव्हतं. मी धावत वॉचमनकडे गेले. रविवारी गेटला कुलूप, आमच्याशिवाय आत कुणी आलेलं नाही.

परतताना रिक्षात मी विचारलं, “काका, हानाबाई मराठी कशी बोलायची?”

“मासळी विकायला यायच्या त्या उरणकडच्या बायकांकडून शिकलेली. अगदी तशीच.” मग माझ्याकडे वळून बघत ते म्हणाले, “म्हणजे तू पण ऐकलंस.”

त्यांनी माझा हात धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही. त्याच आठवड्यात ते इस्रायलला गेले. समोरच्या दाराला कुलूप आहे.

मी सगळी स्पष्टीकरणं लावून पाहिली. काकांच्या गोष्टीने माझं मन तयार झालं होतं, उकाडा होता, झोप नव्हती… पण ती मराठी कशी बोलायची हे मला त्या दुपारपर्यंत माहीत नव्हतं. बाबांना सांगितलं. ते माझ्यावर चिडले नाहीत, हेच जास्त लागलं.

इतकी वर्षं थांबून ती आली. शपथ घेतली. मग ती बोलली असेलच ना? काका मान खाली घालून काहीतरी ऐकत होते, एवढं मी पाहिलं. मीही तिथेच होते, कान देऊन. शपथेनंतर मला फक्त पंखा ऐकू आला.