कोठीतली मुलगी

मयूरीबद्दल मी खूप जणांशी बोलते. तिच्या हातची शेवभाजी, तिचं फोनवरचं न संपणारं बोलणं — माझ्या नवऱ्याला तर सगळं पाठ झालंय. पण एक गोष्ट त्यात कधीच आली नाही. ती नवऱ्याला माहीत नाही, आणि मयूरीला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही तिला ओळखत नाही. हे कारणसुद्धा फारसं चांगलं नाही — कळतंय मला.

कुठून धरू? कामापासून धरते. ते सोपं आहे.

गंगापूर रोडला, बंद पडलेल्या एका टाइल्सच्या शोरूमच्या वरच्या मजल्यावर आमचा एस्केप गेम आहे. पाच-सहा जणांना एका खोलीत कोंडायचं. आत खुणा लपवलेल्या असतात, कोडी असतात, कुठे रांगत जावं लागतं, कुठे काही उचलावं-ओढावं लागतं. तासाभरात बाहेर पडलात तर जिंकलात. आम्ही शेजारच्या खोलीत बसून कॅमेऱ्यातून बघतो, अडलेच तर स्पीकरवरून इशारा देतो. माणसं हौसेने स्वतःला कोंडून घेतात याचं माझ्या आईला अजून नवल वाटतं. त्या खोल्या मी रचते. गोष्ट काय, कुलपं कुठे, आवाज कोणता — ते सगळं माझं. लोक बाहेर येऊन विचारतात ना, हे कुणाच्या डोक्यातून आलं — त्या प्रश्नाची मला फार चटक आहे. हे आधीच सांगून ठेवते.

आता मयूरी.

कॉलेजात आम्ही हॉस्टेलच्या एका खोलीत राहायचो. ती नांदगावची, वडिलांचं किराणा दुकान. तिला कोड आहे — ओठांच्या कडेला, बोटांच्या टोकांवर, मानेवर पांढरे डाग. तेव्हा तिचे उपचार चालू होते. डागांवर औषध लावून थोडा वेळ उन्हात बसायचं. ती गच्चीवर हात पसरून बसायची आणि मी सोबतीला, सावलीत. तिथेच एकदा, कपडे वाळत होते, काही विषय नसताना, तिने ते सांगितलं.

तिच्या मोठ्या बहिणीला बघायला पाहुणे यायचे, तेव्हा आई मयूरीला कोठीच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावायची. धाकटीला डाग आहेत हे कळलं तर थोरलीचं जमणार नाही म्हणून. आत धान्याच्या कोठ्या, डबे, गाद्यांच्या वळकट्या, एक लोखंडी पेटी. मयूरी पेटीवर बसून राहायची. बाहेर कपबश्या वाजायच्या, पोह्यांचा वास यायचा, कुणीतरी ताईला विचारायचं, शिक्षण किती झालंय. हलायचं नाही, खोकायचं नाही. एकदा तिचा पाय डब्याला लागला. पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणालं, आत कोण आहे? आणि तिची आई म्हणाली, "कोनी नाय. मांजर आसंल."

हे सांगताना मयूरी हसली होती. मीही हसले — काय करणार? मग ती म्हणाली, "मी खरंच हळूच म्याव करणार होते." आणि बोटं उलटी करून उन्हात धरली. कुणाला सांगू नकोस, असं ती म्हणाली नाही. म्हणायची गरज आहे असं तिला वाटलंच नसेल.

खूप वर्षं मी कुणाला सांगितलंही नाही.

मग आमच्याकडे नवी खोली करायची ठरली. जुन्या दोन होत्या — एक तुरुंग आणि एक राजाचं थडगं. लोक कंटाळले होते. मालक हर्षद म्हणाला, काहीतरी आपलं पाहिजे, घरातलं, ऐकताच अंगावर काटा येईल असं. सगळे गप्प होते. नोकरी जाईल अशी काही भीती नव्हती, तसं समजू नका. मला फक्त त्या शांततेत पहिल्यांदा बोलायचं होतं. आणि मी बोलले. एका घरात पाहुणे मुलगी बघायला आलेत, दुसरी मुलगी कोठीत कोंडलेली आहे. तुम्ही तिच्यासोबत आत आहात. बाहेर पडायचंय — पण आवाज न करता. आवाज झाला की लाल दिवा लागेल आणि पाहुणा विचारेल, आत कोण आहे?

हर्षद खुर्चीतून उठला. म्हणाला, कसलं सुचतं गं तुला. मी काय म्हणाले असेन? नुसती हसले.

खोली झकास झाली. खरंच सांगते. खेळणाऱ्यांनी अनवाणी आत जायचं, स्टीलच्या डब्यांची चळत न वाजवता उतरवायची, गाद्यांखालून सरपटायचं, अंधारात किल्ल्या चाचपायच्या. धट्टीकट्टी माणसं घामाघूम व्हायची. बाहेरचे आवाज आम्ही रेकॉर्ड केले — कपबश्या, हसणं, शिक्षण किती झालंय. आणि आईचा आवाज मी दिला. कोनी नाय, मांजर आसंल. पहिल्याच खेपेला जमला. नांदगावला मयूरीच्या घरी मी राहिलेय ना, तिची आई कशी बोलते ते मला ठाऊक होतं.

एवढंच असतं तरी पुष्कळ होतं, नाही का? पण एवढंच नाहीये.

एका शनिवारी मयूरीचा फोन आला. ती आता नाशिकलाच असते, एका विमा कंपनीच्या ऑफिसात. म्हणाली, आमची सगळी टीम घेऊन येतेय, मी सांगून ठेवलंय सगळ्यांना, हे सगळं माझी मैत्रीण करते. मी म्हणाले, तुरुंगवाली खोली घ्या, ती मस्त आहे. पण ते आले तेव्हा त्यातल्या एकाने नव्या खोलीचं नाव काढलं — त्याच्या भावाने खेळली होती. बाकीचे त्याच्यामागे. काउंटरवर मी उभी होते. बंद आहे, वायरिंग बिघडलंय — तोंडातून इतकंच काढायचं होतं. मी ते काढलं नाही. हर्षद शेजारी उभा होता म्हणून? की मला आतून वाटत होतं, बघू तर, ती ओळखते का? मी स्वतःला हा प्रश्न इतक्यांदा विचारलाय की आता उत्तराची खात्री उरलेली नाही. दोन्ही असेल.

नियम मीच समजावले. आतली मुलगी पाहुण्यांना कळता कामा नये, असं एक वाक्य त्यात आहे. ते म्हणताना मी मयूरीकडे पाहिलं नाही. तिने चपला काढल्या, नीट जोडीने भिंतीशी ठेवल्या, आणि आत गेली.

मी कॅमेऱ्यासमोर बसले.

बाकीचे चार जण लगेच कामाला लागले, ढकलाढकली, दबक्या आवाजात हसणं. मयूरी दाराशी उभी राहिली. मग कपबश्यांचा आवाज सुरू झाला. तिने मान वळवून दाराकडे पाहिलं — नुसतं पाहिलं. कुणीतरी डबा पाडला. लाल दिवा. आत कोण आहे? आणि मग माझा आवाज.

त्यानंतर ती जाऊन कोपऱ्यातल्या लोखंडी पेटीवर बसली.

तिला कुणी बसायला सांगितलं नव्हतं. तिच्यासोबतची एक मुलगी तिला खुणावत होती, ये ना, मदत कर. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. पडद्यावर सगळं हिरवट दिसतं, चेहरा नीट कळत नाही. तिचे खांदे मात्र कळत होते.

माझ्या हाताशी एक बटण असतं. ते दाबलं की आत दिवे लागतात, खेळ थांबतो. कुणी घाबरलं, कुणाला गुदमरलं, तर दाबायचं. मी ते नव्या मुलांना शिकवते — शंका आली की दाबा, वाट बघू नका.

मी दाबलं नाही.

आणि आता ते, ज्याच्याभोवती मी इतका वेळ फिरतेय.

खेळाच्या शेवटी पेटी उघडते. खेळणाऱ्यांना आकडे सापडले की ते पेटीवर जुळवतात, आणि मी इथून दुसरं बटण दाबून तिचं कुलूप सोडते. पेटीत कोंडलेली मुलगी असते. बाहुली — खऱ्या मुलीएवढी. झाकण उघडलं की ती उठून बसते. हर्षदने मीटिंगमध्ये विचारलं होतं, पण तिला कोंडलंय कशाला? काहीतरी भयंकर पाहिजे तिच्यात. आणि मी सांगितलं होतं. तिच्या अंगावर कोड आहे, हे मी सांगितलं. बाहुलीचा चेहरा मी रंगवला. ओठांच्या कडेला, मानेवर, बोटांच्या टोकांना — स्पंजने, पांढऱ्या रंगाने, कडा थोड्या पसरट, कारण त्या तशाच असतात. मला ते डाग पाठ होते. वर्षानुवर्षं मी शेजारी बसून पाहिले होते. डोळे तेवढे लाल केले, भुतासारखे.

लोक किंचाळायचे. मग हसायचे. बाहेर येऊन विचारायचे, हे कुणाच्या डोक्यातून आलं?

आकडे जुळले. त्यांनी मयूरीला पेटीवरून उठवलं. कुलूप माझ्या हातात होतं. कितीतरी वेळ होता माझ्याकडे — ते पेटीभोवती जमले, एकाने मोबाइलसारखा हात धरून फोटोची नक्कल केली, मयूरी त्यांच्या मागे उभी राहिली. मी बटण दाबलं.

बाहुली उठून बसली. किंचाळले, हसले. मग त्यातल्या एका मुलीने मागे वळून मयूरीकडे पाहिलं आणि तिचं हसणं थांबलं. एकेक करून सगळ्यांचं थांबलं. आणि मयूरी — मयूरीनेच सगळ्यांना सोडवलं. ती पुढे झाली, पेटीतली शेवटची किल्ली उचलली आणि म्हणाली, "चला, वेळ कमी आहे."

बाहेर आल्यावर फोटो काढायची पद्धत आहे. तिने काढून घेतला, सगळ्यांसोबत. मग बाकीचे लस्सी प्यायला खाली गेले आणि ती काउंटरशी थांबली.

"हे तू केलंस?"

तिचा आवाज रागाचा नव्हता. हो म्हणता आलं असतं. त्या प्रश्नात जागा होती.

मी म्हणाले, "नाही गं. मालकाने पुण्याहून तयार आणलंय, गोष्टीसकट. कुणीतरी बाई लिहिते म्हणे. मी फक्त आवाज दिला. गावाकडचं बोल म्हणाले, म्हणून तसं बोलले."

"मांजर आसंल, हेही तिचंच?"

"हो. लिहिलेलंच होतं. मलाही वाचताना तू आठवलीस."

हे शेवटचं वाक्य मला कुणी मागितलं नव्हतं. ते मी आपणहून दिलं.

मयूरीचे डोळे भरून आले, आणि मला वाटलं, संपलं, कळलं हिला. पण ती म्हणाली, "म्हणजे अजून कुणीतरी होतं. मला आजवर वाटायचं, माझ्याच घरी."

तिने माझा हात धरला होता.

तिला बरं वाटलं होतं, कळतंय का तुम्हाला? बाहुली पाहून आत काहीतरी मोडलं असेल, पण त्याच्यावर माझं खोटं तिने मलमासारखं लावून घेतलं. त्या बाईने स्वतःलाच भूत करून टाकलंय, म्हणाली, किती राग असेल तिला. पुढे कितीतरी महिने ती त्या बाईचा नंबर मागत होती. भेटायचंय, बोलायचंय. मी म्हणायचे, विचारते. मग म्हणाले, ती कंपनी बंद झाली. मग मयूरी नांदगावला गेली आणि आईशी पहिल्यांदा त्या कोठीबद्दल बोलली. धीर कुठून आला, तर त्या बाईमुळे. आई म्हणाली, बघ, लोकं करायचेच तसं, मी काय जगावेगळं केलं? आणि मयूरीने ते मानलं. आता आईच्या गुडघ्यांना तेल लावायला ती दर सुट्टीला जाते. आईला माफ केलं तिने. माझ्या शब्दावर.

ती खोली आम्ही पुढे मोडली, लोकांना नवं हवं असतं. बाहुलीचा चेहरा मी खरवडून दुसरा रंगवला. मी अजून तिथेच काम करते.

मागच्या दिवाळीत मयूरी फराळाला आली होती. नवरा आत चहा करत होता. चकली मोडता मोडता ती म्हणाली, "ती बाई कुठे असेल गं आता? तिलाही कोडच असेल का, की तिने नुसतं गोष्टीत घातलं?"

मी तिच्या ताटलीत अजून एक लाडू ठेवला.

"असेल," मी म्हणाले. "तिलाही असेल."